स्ट्रोकनंतर बाबा घरी आले, बीपीचं मशीनही आलं. पण रोज वहीत लिहिलेल्या आकड्याचं पुढे होतं काय?

दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो त्या दिवशी घरच्यांच्या हातात बिल असतं, फाईल असते, गोळ्यांची पिशवी असते आणि फिजिओथेरपीवाल्याचा फोन नंबर असतो. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं, हात कधी हलणार आणि बोलणं कधी सुटणार. फाईलच्या शेवटच्या पानावर एक ओळ असते, 'बीपी नियमित तपासत राहा'. ती ओळ डॉक्टर घाईत वाचून दाखवतात आणि आपण घाईत मान डोलावतो.

मग येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मशीन घेतलं जातं. पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत आकडे उतरतात. महिन्याभराने दिवसातून एकदा, तेही आठवलं तर. तिसऱ्या महिन्यात मशीनचे सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये गेलेले असतात आणि मशीन कपाटावर. कारण एव्हाना बाबा काठी घेऊन चालायला लागलेत, म्हणजे संकट टळलं, असं घरानं ठरवून टाकलेलं असतं.

खरी अडचण इथूनच सुरू होते. ज्याला एकदा स्ट्रोक येऊन गेला त्याला तो पुन्हा यायची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांनुसार तिथं दर चार स्ट्रोकपैकी साधारण एक हा आधी स्ट्रोक येऊन गेलेल्या माणसाला आलेला असतो. आणि दुसरा झटका टाळायला आपल्या हातात ज्या गोष्टी आहेत, त्यात पहिल्या नंबरावर बीपी आहे.

बीपी दहा आकड्यांनी उतरलं तर असा काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि तो मोजून झालेला आहे. २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये 'प्रोग्रेस' नावाची एक मोठी चाचणी छापून आली. तिच्यात ६,१०५ माणसं होती आणि सगळ्यांना आधी स्ट्रोक किंवा मिनी स्ट्रोक येऊन गेलेला होता. अर्ध्यांना बीपीची गोळी दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. साधारण चार वर्षांनी हिशेब केला. गोळी घेणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी ९ ने आणि खालचं ४ ने कमी होतं. तेवढ्यावर पुन्हा स्ट्रोक यायचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. ज्यांना दोन औषधं एकत्र दिली त्यांचं बीपी १२ ने उतरलं आणि स्ट्रोक ४३ टक्क्यांनी कमी झाले. मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा स्ट्रोक तर जवळजवळ निम्म्यावर आला.

या चाचणीत ज्यांचं बीपी फारसं वाढलेलं नव्हतं अशीही माणसं होती, आणि फायदा त्यांनाही झाला. म्हणजे 'आमच्या बाबांचं बीपी तसं फार नसतंच, १४५ च्या आसपास असतं' हे वाक्य जितकं दिलासा देणारं वाटतं तितकं ते नाही.

आता देशाचं चित्र बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावरचा आपला पहिला जागतिक अहवाल काढला. त्यात भारतात ३० ते ७९ वयाच्या अंदाजे १८ कोटी ८० लाख लोकांना हाय बीपी असल्याचं म्हटलंय. त्यातल्या ३७ टक्के लोकांना ते निदान झालेलं आहे. उपचार घेतात ३० टक्के. आणि बीपी आटोक्यात आहे ते फक्त १५ टक्के लोकांचं.

यातला ३० आणि १५ मधला फरक नीट बघा. गोळी चालू असलेल्या दर दोन माणसांपैकी एकाचं बीपी गोळी घेऊनही वरच आहे. या लोकांना आपल्याला बीपी आहे हे माहीत आहे, गोळी कोणती ते माहीत आहे, मेडिकलवाला त्यांना नावानं ओळखतो. तरीही आकडा खाली नाही. स्ट्रोक येऊन गेलेली बरीच घरं याच गर्दीत आहेत.

पण आकडा किती हवा? १४०, १३० की १२०?

यावरून सोशल मीडियावर बराच गोंधळ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये युरोपीय हृदयरोग संघटनेनं नवी नियमावली काढली आणि १२० ते १३९ या पट्ट्याला 'वाढलेलं बीपी' असं नाव दिलं. वर्षभरानं, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या संघटनांची नवी नियमावली आली. दोन्ही वेळा 'आता १२० च्या वर गेलात की पेशंट' अशा रील्स फिरल्या. त्याखाली 'औषध कंपन्यांचा डाव' अशा कमेंटही पडल्या.

स्ट्रोक येऊन गेलेल्या माणसापुरतं बोलायचं तर गोष्ट बरीच सरळ आहे. अमेरिकन स्ट्रोक संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत बहुतेक पेशंटसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात सर्वसाधारण बीपीच्या पेशंटसाठी १४०/९० च्या खाली ही रेघ धरतात. तुमच्या घरातल्या माणसासाठी कोणती रेघ, हे मात्र त्याच्या डॉक्टरला विचारावं लागतं, कारण अपवाद खरे आहेत. मानेतली किंवा मेंदूतली रक्तवाहिनी फारच अरुंद झालेली असेल, किडनीचा त्रास असेल, वय ऐंशीच्या पुढे असून उठताना चक्कर येत असेल, तर डॉक्टर मुद्दाम थोडं सैल धरतात किंवा हळूहळू खाली आणतात.

म्हणून पुढच्या भेटीत 'बीपी ठीक आहे ना?' असं विचारू नका. 'यांचा आकडा किती ठेवायचा?' असं विचारा आणि जे उत्तर येईल ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

जाता जाता एक शंका, जी खूप घरांत ऐकू येते. 'आयसीयूत असताना बीपी १८०-१९० होतं तरी डॉक्टर गोळी देत नव्हते, आणि आता १४० ला ओरडतात, असं कसं?' त्यात हलगर्जीपणा नव्हता. रक्ताची गुठळी अडकून स्ट्रोक आला असेल, तर पहिल्या काही तासांत मेंदूचा एक भाग अर्धमेल्या अवस्थेत असतो आणि जे थोडंफार रक्त पोचतंय ते या वाढलेल्या दाबामुळेच. तेव्हा दाब धाडकन उतरवला तर तो भागही जाऊ शकतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंतही थांबून बघतात. रक्तस्राव झालेला असेल तर गणित वेगळं, तिथं लवकर उतरवावं लागतं. ती वेळ टळल्यावर, घरी आल्यावर, नियम उलटा होतो.

मशीन तेच, माणूस तोच, मग दर वेळी आकडा वेगळा का?

कारण आपण मोजतो कसं ते एकदा आठवून बघा. बाबा संडासला जाऊन आलेत, पायऱ्या चढलेत, चहाचा कप हातात आहे, टीव्हीवर बातम्यांचा आरडाओरडा चालू आहे, आणि सून शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतेय. बाबा मध्येच सांगतात, 'घट्ट लावू नको गं.' यात आकडा दहा-वीसनं सहज वर जातो. भरलेलं मूत्राशय, बोलणं, एका पायावर दुसरा पाय टाकणं, लोंबकळता हात, या प्रत्येकानं बीपी वाढलेलं दिसतं.

नीट मोजायचं तर आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नाही. लघवी करून यायचं. पाठीला टेका देणाऱ्या खुर्चीत बसायचं, पलंगाच्या कडेवर नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. उंची कमी पडली तर हाताखाली उशी घ्या. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. मग पाच मिनिटं गप्प. ही पाच मिनिटं कुणीच पाळत नाही आणि सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. एक रीडिंग घ्या, मिनिटभर थांबा, दुसरं घ्या. दोन्ही लिहा. आवडलेलं तेवढंच लिहायचं नाही.

स्ट्रोकच्या पेशंटमध्ये एक गोष्ट वेगळी असते, ती म्हणजे लुळा पडलेला हात. तो हात ढिला असेल किंवा आखडलेला असेल, तर तिथलं रीडिंग फसवू शकतं. म्हणून मोजायचं ते चांगल्या हातावर, आणि रोज त्याच हातावर. घरोघरी उलटं होताना दिसतं. चांगला हात जेवायला, काठी धरायला मोकळा राहावा म्हणून पट्टा बिचाऱ्या लुळ्या हाताला.

पट्ट्याचा आकार हा दुसरा घोळ. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच वाढून दिसतो. मशीन घेताना दंडाचा घेर टेपनं मोजून जा. पट्ट्यावर सेंटीमीटरमध्ये मर्यादा छापलेली असते. मशीन दंडावर लावायचंच घ्या. मनगटाचं सोयीचं वाटतं, पण हात जरा खालीवर झाला की आकडा बदलतो. आणि ज्या घड्याळात किंवा अंगठीत पट्टा फुगतच नाही, तिच्यावरचा बीपीचा आकडा बघून गोळी कमी-जास्त करायची वेळ अजून आलेली नाही. दिवाळीच्या सेलमध्ये कितीही स्वस्त मिळालं तरी.

ठोके अनियमित असतील, म्हणजे ज्याला डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात ते असेल (स्ट्रोकच्या पेशंटमध्ये हे बऱ्याचदा सापडतं), तर मशीन गोंधळतं. अशा वेळी दोनऐवजी तीन रीडिंग घेऊन सरासरी काढा. नवीन मशीन एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून बघा, आणि मग वर्षातून एकदा.

रोज मोजायची गरज असतेच असं नाही. डॉक्टरकडे जायच्या आधीचा आठवडा नीट मोजा. सकाळी गोळी आणि नाश्ता याआधी दोन, रात्री दोन. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. ही सरासरी डॉक्टरच्या केबिनमधल्या एका रीडिंगपेक्षा जास्त खरं सांगते. केबिनमध्ये घाबरून वाढलेलं बीपी असणारे जसे आहेत, तसे तिथं नॉर्मल आणि घरी वाढलेलं असे लोकही आहेत. दुसरे जास्त धोक्यात, कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

अधूनमधून उभं करूनही मोजा. बसून एक रीडिंग, मग उभं राहून एक ते तीन मिनिटांत दुसरं. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त पडला तर ते डॉक्टरला सांगा. अर्ध्या अंगात ताकद कमी असलेला माणूस रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडला आणि खुबा मोडला, तर स्ट्रोकमधून सावरायची सगळी मेहनत वाया जाते.

मोजलं, लिहिलं. मग?

आपल्याकडे या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसतं.

लंडनमध्ये स्ट्रोकच्या ३८१ पेशंटवर एक अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही जणांना घरी मशीन दिलं, नर्सनं फोनवर मदत केली. वर्षभरानं दोन गटांच्या बीपीत एकूणात फरकच नव्हता. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनमध्येच झालेल्या 'टॅस्मिन-एसआर' या चाचणीत चित्र उलटं निघालं. इथं स्ट्रोक, हृदयविकार, मधुमेह, किडनीचे आजार असलेले ५५२ लोक होते. त्यांना मशीन तर दिलंच, पण सोबत डॉक्टरशी आधीच ठरवलेला एक कागद दिला. आकडा या रेघेच्या वर सतत राहिला तर कोणती गोळी किती वाढवायची, हे त्यावर लिहिलेलं. वर्षभरानं त्यांचं वरचं बीपी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा ९.२ ने जास्त उतरलेलं होतं. 'प्रोग्रेस'मधले ९ आठवतात ना, जवळजवळ तेवढंच.

मोजल्यानं बीपी उतरत नाही. मोजल्यावर कुणीतरी काहीतरी बदलतं तेव्हा ते उतरतं.

भारतातला अनुभवही याच दिशेनं बोट दाखवतो. 'स्प्रिंट इंडिया' ही आपल्याकडची मोठी चाचणी, ३१ केंद्रं, ४,२९८ स्ट्रोकचे पेशंट. त्यांना १२ भाषांमध्ये एसएमएस, व्हिडिओ आणि एक पुस्तिका दिली. गोळ्या वेळेवर घ्या, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, सगळं त्यात होतं. २०२३ मध्ये निकाल आला. लोकांनी गोळ्या जास्त नियमित घेतल्या, तंबाखू-दारूवरही थोडा परिणाम दिसला. पण पुन्हा स्ट्रोक, हार्ट अटॅक आणि मृत्यू यांत फरक पडला नाही, चाचणी मध्येच थांबवावी लागली. यात भाग घेतलेले पेशंट मुळात चांगल्या केंद्रांतून नीट उपचार घेऊन गेलेले होते, हे त्याचं एक कारण असू शकतं. पण व्हॉट्सॲपवर रोज सकाळी आरोग्याचे सल्ले फॉरवर्ड करून आपण कुणाचं तरी भलं करतोय असं वाटणाऱ्या सगळ्यांनी हा निकाल एकदा वाचावा असा आहे. (हा लेखही त्यातच मोडतो, हे मान्य.)

ब्रिटनमधला तो कागद जसाच्या तसा आपल्याकडे आणता येत नाही. आपल्याकडे गोळी मनानं वाढवणारे कमी आणि मनानं बंद करणारे जास्त. पण त्याचा गाभा आणता येतो. डॉक्टरला विचारून ठेवा, आठवड्याची सरासरी इतक्याच्या वर गेली तर मी तुम्हाला कधी, कसं कळवू? फोटो काढून पाठवू का? आणि इतक्याच्या खाली गेली तर? बरेच डॉक्टर यावर सरळ उत्तर देतात. विचारणारेच कमी असतात.

वही घेऊन गेल्यावरही डॉक्टर नुसती बघून परत देत असतील, सलग दोन-तीन भेटी आकडा १५० आणि गोळ्या त्याच, तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा की हे असंच ठेवायचंय का. बीपी एका गोळीनं आटोक्यात येतं असे लोक कमीच. दोन किंवा तीन औषधं लागणं ही नेहमीची गोष्ट आहे, आजार बळावला असा त्याचा अर्थ नाही.

'नॉर्मल आलं की गोळी बंद'

स्ट्रोकनंतर सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच असेल. नॉर्मल आलंय ते गोळीमुळे आलंय. बंद केली की काही दिवसांत आकडा पुन्हा वर जातो आणि बहुतेकदा काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, गरगरत नाही. काही गोळ्या, विशेषतः क्लोनिडिन आणि मेटोप्रोलॉलसारखी औषधं, एकदम बंद केली तर बीपी किंवा ठोके उसळून वर येतात.

गोळी नकोशी होण्यामागे बऱ्याचदा खरं कारण असतं आणि ते कुणी विचारत नाही. अम्लोडिपिननं पाय सुजतात. रामिप्रिल, पेरिंडोप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, रात्र रात्र झोप नाही. दोन्हीला पर्याय आहेत, डॉक्टरला सांगितलं की गोळी बदलून मिळते. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम घसरू शकतं. मग सुस्ती, असंबद्ध बोलणं सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं दुसरा झटका आला. अशा वेळी दवाखाना गाठायचाच, पण ही गोळी चालू आहे हेही सांगायचं. रक्ताची एक साधी तपासणी सगळं सांगून जाते.

गिळायला त्रास असेल किंवा नाकातून नळी असेल तर घरात गोळ्या खलबत्त्यात कुटल्या जातात. बऱ्याच गोळ्या चालतात, पण ज्यांच्या नावापुढे 'एक्सएल', 'एसआर', 'रिटार्ड' असं काही असतं त्या कुटू नका. त्या दिवसभर हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात. कुटल्या की दिवसाचं औषध एकदम अंगात जातं आणि बीपी भलतंच पडू शकतं. डॉक्टरला सांगून साधी गोळी लिहून घ्या.

गोळी सकाळी घ्यायची की रात्री, यावर बरीच चर्चा झाली. ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर केलेल्या 'टाइम' अभ्यासानं २०२२ मध्ये त्यावर पडदा टाकला. फरक पडत नाही. ज्या वेळी विसरणार नाही ती वेळ चांगली.

पैशाचा प्रश्न खोटा नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च बघते, महिन्याच्या गोळ्यांचा नाही. आणि स्ट्रोकनंतर बऱ्याच घरात कमावता हातच थांबलेला असतो. म्हणून सरकारी वाट माहीत असू द्या. २०१७ च्या शेवटी केंद्राचा भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग होते. त्याची कल्पना साधी होती. ठरावीक मोजकी औषधं, एका वेळी महिन्याचा साठा, घराजवळच्या उपकेंद्रावर, आणि जो आला नाही त्याला फोन. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडून त्याला पुरस्कारही मिळाला. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात अम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या मोफत मिळायला हव्यात. साठा नसतो ही तक्रारही ऐकू येते, तेव्हा जनऔषधी केंद्र हा पुढचा पर्याय. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणा. गावाला लग्नाला जाताना पिशवीत पहिल्यांदा गोळ्या टाका, आहेर नंतर.

ताटात डावीकडे वाढलेलं मीठ

आपल्या पंगतीत पहिल्यांदा काय वाढतात? मीठ. मग लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. ताटाची डावी बाजू ही बीपीच्या पेशंटसाठी सगळ्यात कठीण. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तोही भाजी-आमटीतलं सगळं धरून. आपण भारतीय ८ ग्रॅमच्या आसपास खातो. पापड, कुरडया, सांडगी मिरची, फरसाण, खारे शेंगदाणे, सुकी मासळी, ठेचा. सोड्याच्या फसफसणाऱ्या पुड्या आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांतही सोडियम असतं, ते ॲसिडिटीच्या नावाखाली पोटात जातं.

यावर 'आम्ही सैंधव वापरतो' असं उत्तर हमखास येतं. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच असतं. रंग गुलाबी, काम तेच. शिवाय बऱ्याच सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं.

खरंच वेगळं मीठ आहे ते पोटॅशियम मिसळलेलं. चीनमध्ये ६०० खेड्यांत २०,९९५ लोकांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांना आधी स्ट्रोक येऊन गेलेला होता. निम्म्या गावांना तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराईड असं मिश्रण दिलं. पाच वर्षांच्या आसपास बघितल्यावर स्ट्रोक १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही घरच्या स्वयंपाकात असं मीठ वापरायला संमती दिली. पण एक मोठा 'पण' आहे. किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. स्ट्रोकच्या बहुतेक पेशंटना यातली एखादी गोळी असते. म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय आणि रक्त तपासल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका.

बीपी वाढवणाऱ्या आणखी काही गोष्टी घरात निरुपद्रवी चेहऱ्यानं बसलेल्या असतात. स्ट्रोकनंतर खांदा फार दुखतो, मग मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन येतं. ही औषधं बीपी वाढवतात आणि किडनीवरही ताण आणतात. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांचंही तसंच. खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध बीपी वाढवतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण खरं आहे. आणि मशेरी. आजीला 'व्यसन आहे का' विचारलं तर ती नाही म्हणेल, कारण दात घासणं हे तिच्या लेखी व्यसन नाही.

रात्री दोन वाजता मशीन १९० दाखवतंय

आधी माणसाकडे बघा, मग मशीनकडे. तोंड वाकडं झालंय का, हात उचलता येतोय का, बोलणं अडखळतंय का, एकदम दिसेनासं झालंय का, छातीत दुखतंय का, दम लागलाय का, कधी नव्हे असं डोकं दुखतंय का. यातलं काहीही नवीन असेल तर आकडा कितीही असो, १०८ ला फोन करा.

काहीच नसेल तर शांत बसवा, पाच मिनिटांनी परत मोजा. आकडा १८०/१२० च्या वरच राहिला पण माणूस ठीक असेल, तर घरातल्या घरात उतरवायच्या भानगडीत पडू नका, त्याच दिवशी डॉक्टरशी बोला. आजची गोळी राहिली असेल तर तेवढी द्यायची का हेही फोनवरच विचारा. जिभेखाली कॅप्सूल फोडून टाकायची पद्धत पूर्वी होती, बीपी झपाट्यानं पडून त्यानंच स्ट्रोक येतो म्हणून ती बंद झाली. काही घरांत ती अजून चालू आहे.

आणि स्ट्रोकची लक्षणं दिसत असताना बीपीची जादा गोळी देऊ नका, वर आयसीयूबद्दल सांगितलं तेच कारण. ॲस्पिरिनही नाही, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कुणालाही कळत नाही. पाणी, चहा, साखर काही नाही, गिळताना फुप्फुसात जाऊ शकतं. सुईनं दहा बोटांची टोकं टोचा, कान ओढून रक्त काढा असा एक मेसेज गेली कित्येक वर्षं 'चिनी प्रोफेसरच्या' नावानं फिरतोय, मराठीतही आलाय. त्यानं काही होत नाही, फक्त मिनिटं जातात.

मिनिटांचंच सगळं आहे, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, 'शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं?' आणि दुसरा, 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?' त्या घाईत मुलगा एक सांगतो, सून दुसरं. बीपीच्या वहीच्या मागच्या पानावर चालू गोळ्यांची नावं, डोस आणि पहिल्या स्ट्रोकची तारीख लिहून ठेवलेली असली की वही उचलायची आणि निघायचं.